संप्रेरकांचे लिंग

मराठी व्याकरणात ‘संप्रेरक’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ते संप्रेरक, ती संप्रेरके. ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याने त्याला पुरुष केले नाही की स्त्री केले नाही. पण व्याकरणाने जे टाळले ते विशेषणांनी साधले. वृत्तपत्रांच्या आरोग्य-पुरवण्या, बारावीची मार्गदर्शके, दूरचित्रवाणीवरील डॉक्टरांच्या मुलाखती आणि आमच्याच विषयातील स्त्रीवादी समीक्षेवरचे शोधनिबंध, या सर्वांत ‘पुरुषी संप्रेरक’ आणि ‘स्त्री-संप्रेरक’ ही जोडी लग्नपत्रिकेवरील वधूवरांसारखी शेजारी शेजारी छापलेली आढळते. टेस्टोस्टेरॉन वर, इस्ट्रोजेन वधू. ही जोडी मोडावी असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी कोणा विचारवंताला साक्षीला बोलावण्याची गरज नाही. एक विकर पुरेसे आहे. त्याचे नाव ॲरोमॅटेज.

मराठीच्या अध्यापकांनी जीवरसायनशास्त्रात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. आमचा विषय शब्द हा आहे, आणि एखादा शब्द प्रयोगशाळेत राहायला गेला म्हणून तो आमच्या हद्दीबाहेर जात नाही. शिवाय तो तिथून परत येतो, आणि येताना विज्ञानाचा शिक्का घेऊन येतो. मग वर्गात त्याच्याशी वाद घालणे अवघड होऊन बसते.

शरीरातील रासायनिक क्रिया ज्यांच्यावाचून होत नाहीत, किंवा झाल्या तरी न झाल्यासारख्याच संथ होतात, अशी प्रथिने म्हणजे विकरे. ॲरोमॅटेज हे त्यांपैकी एक. त्याचा जनुक पंधराव्या गुणसूत्रावर असतो. म्हणजे तो लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाही. स्त्री आणि पुरुष दोघांकडेही तो सारखाच असतो. टेस्टोस्टेरॉनच्या रेणूत कार्बनचे १९ अणू असतात, त्यांतील बहुतेक चार जोडकड्यांत गुंफलेले. ॲरोमॅटेज त्यांतला एक अणू काढून टाकते. हे काम तीन टप्प्यांत होते, दर टप्प्याला प्राणवायूचा एक रेणू खर्ची पडतो, आणि अखेरीस पहिल्या कड्याची घडण बदलून ते बेंझीनच्या कड्यासारखे होते. १८ कार्बनांचा जो रेणू उरतो त्याचे नाव इस्ट्राडायॉल. अँड्रोस्टेनडायोन या दुसऱ्या अँड्रोजेनावर हाच प्रयोग झाला की इस्ट्रोन मिळते. हा रस्ता एकेरी आहे. इस्ट्राडायॉलचे पुन्हा टेस्टोस्टेरॉन होत नाही.

आता या एवढ्याशा रसायनाचा अर्थ पाहावा. ज्याला आपण ‘स्त्री-संप्रेरक’ म्हणतो, ते कोणाच्याही शरीरात, कोठेही, आधी ‘पुरुषी संप्रेरक’ तयार झाल्यावाचून निर्माणच होत नाही. स्त्रीच्या अंडाशयातही हाच क्रम असतो. बीजपुटिकेच्या बाहेरच्या थरातील पेशी कोलेस्टेरॉलपासून अँड्रोजेन बनवतात, ते आतल्या थरातील पेशींकडे जाते, आणि तिथले ॲरोमॅटेज त्याचे इस्ट्रोजेन करते. वयात आलेल्या प्रत्येक मुलीच्या अंडाशयात हे घडते. त्यात काहीही असाधारण नाही. रक्तातील रेणूंची संख्या मोजली तर तरुण स्त्रीच्या पाळीच्या चक्रातील बहुतेक दिवस तिच्या रक्तात इस्ट्राडायॉलपेक्षा टेस्टोस्टेरॉनच अधिक भरते. दुसऱ्या बाजूने, साठीपुढच्या पुरुषाच्या रक्तात त्याच वयाच्या स्त्रीपेक्षा इस्ट्राडायॉल सर्वसाधारणपणे जास्त असते. कारण तिचे अंडाशय निवृत्त झालेले असतात आणि त्याची वृषणे, मंदावली तरी, चालू असतात. तेव्हा सत्तरीचे आजोबा आणि सत्तरीच्या आजी शेजारी बसलेल्या असताना ‘स्त्री-संप्रेरक’ अधिक कोणात, याचे उत्तर आजोबा असे येते. ज्या विशेषणाने इतके साधे उत्तर चुकवावे ते विशेषण आपण कशासाठी सांभाळतो?

नाव चुकीचे पडले हे नाव पडल्यानंतर थोड्याच दिवसांत उघड झाले होते, ही या इतिहासातली खरी गंमत. व्हिएन्नातील ऑयगेन श्टाइनाख याने १९१० च्या दशकात उंदीर व गिनिपिग यांच्यावर ग्रंथींची अदलाबदल करण्याचे प्रयोग केले आणि असे मत मांडले की नराच्या व मादीच्या ग्रंथींचे स्राव परस्परांचे वैरी असतात. त्या काळच्या समाजाला हे मत पटकन पटले असल्यास नवल नाही. पुढे १९२७ साली ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर आणि त्याच्या सहकाऱ्यांना पुरुषांच्या लघवीत ‘मादीचे’ संप्रेरक सापडले. ते अन्नातून आले असावे, अशी काहींनी समजूत करून घेतली. (त्याच १९२७ साली आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. लैंगिक विषयांवर निर्भीड आणि आडपडदा नसलेले मराठी लिहिता येते, हे त्या मासिकाने दाखवून दिले. पुढच्या परिभाषाकारांनी तेवढा धडा घेतला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.)

१९३४ मध्ये बर्नहार्ड त्सोंडेक याने वळूघोड्याच्या लघवीत इस्ट्रोजेनाचे प्रचंड प्रमाण असल्याचे प्रसिद्ध केले. गाभण नसलेल्या घोडीपेक्षा कितीतरी जास्त. घोडा! जगातल्या बहुतेक भाषांत ज्याच्या नावाने पौरुषाच्या उपमा दिल्या जातात तो प्राणी. नाझींनी बर्लिनमधून घालवलेला हा संशोधक आपल्या निष्कर्षाने स्वतःच चकित झाला होता. आणि १९३७ साली तर खुद्द श्टाइनाखनेच, कुन या सहकाऱ्याबरोबर, असे दाखवले की पुरुषांना टेस्टोस्टेरॉन टोचले तर त्यांच्या लघवीतील इस्ट्रोजेन वाढते. म्हणजे ज्याने दोन्ही स्रावांना वैरी ठरवले त्याच्याच हातून एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत असल्याचा पुरावा पुढे आला. हे रूपांतर करणारी विकरक्रिया मानवी वारेत केनेथ रायन याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस तपशिलाने मांडली. तोवर नावे मात्र घट्ट बसली होती. अँड्रोजेन म्हणजे ‘पुरुष घडवणारे’. इस्ट्रोजेनाची कथा आणखी रंगतदार आहे: ग्रीक ‘ऑइस्ट्रॉस’ म्हणजे गोमाशी, जनावराला डसून त्याला सैरावैरा पळायला लावणारी. ग्रीक पुराणात गाय झालेल्या आयोच्या मागे हेरा देवीने लावलेली ती हीच. त्यावरून मादी जनावराच्या कामातुर अवस्थेला हा शब्द आला, आणि तिथून संप्रेरकाला.

नेली औड्सहूर्न या डच अभ्यासिकेने १९९४ च्या आपल्या पुस्तकात या सर्व काळाचा इतिहास लिहिला आहे. स्त्रियांची लघवी व ग्रंथी संशोधकांना स्त्रीरोग-रुग्णालयांतून सहज मिळत, पुरुषांची सामग्री मिळवायला तुरुंग आणि सैन्याच्या छावण्या गाठाव्या लागत, आणि या सोयीगैरसोयीनेही विज्ञानाची दिशा ठरली, हे तिने दाखवले. पुरुषांचे संप्रेरक गोळा करणे किती दुर्घट होते याचा एकच दाखला पुरे: १९३१ मध्ये आडोल्फ बुटेनांट याने अँड्रोस्टेरॉन वेगळे केले ते पोलिसांच्या सुमारे १५,००० लिटर लघवीतून, आणि हाती आले मिलिग्रॅममध्ये मोजण्याएवढे स्फटिक.

आता मराठीकडे वळू, कारण आमची मुख्य तक्रार तिथे आहे. इंग्रजी वाचकाला ‘इस्ट्रोजेन’ या शब्दात गोमाशी दिसत नाही. ग्रीक न येणाऱ्याला तो नुसता एक ध्वनी आहे, पाटी कोरी. आपण मात्र ही पाटी कोरी राहू दिली नाही. मराठी विश्वकोशाची पाने चाळणाऱ्याला ‘स्त्रीमदजन’ हा शब्द भेटतो. व्युत्पत्तीचे भाषांतर म्हणून तो निर्दोष आहे. संस्कृतज्ञाने त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. पण तो वाचणाऱ्याच्या कानी काय पडते? मद म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या भाषेतला माज. गाय माजावर आली असे आपण म्हणतो, तो माज. म्हणजे ‘बाईत माज उत्पन्न करणारे द्रव्य’. पाळीची, हाडांची, रक्तवाहिन्यांची, त्वचेची कामे इमानेइतबारे करणाऱ्या, पुरुषांतही वावरणाऱ्या एका रेणूला आपण हे नाव दिले आणि ते विद्वत्तेच्या कपाटात ठेवून दिले. अँड्रोजेनासाठीचा ‘पौरुषजन’ हाही तसाच. इंग्रजीत जी चूक निद्रिस्त होती ती मराठीत आपण उठवून बसवली.

आमच्या पिढीतील मराठीच्या अध्यापकांवर एक संस्कार झालेला आहे: परभाषेतला शब्द जसाच्या तसा घेणे हे आळसाचे लक्षण, आणि आपल्या धातूंपासून पारदर्शक शब्द घडवणे हे भाषाभिमानाचे. राज्यव्यवहारकोशापासून भाषा संचालनालयाच्या परिभाषा-कोशांपर्यंतची परंपरा आम्ही आदराने शिकवतो, आणि त्या परंपरेने दिलेल्या कित्येक शब्दांवाचून आज आपले पान हलत नाही. परंतु पारदर्शक शब्दाचा एक धोका आम्हांला या निमित्ताने स्पष्ट दिसतो. पारदर्शक शब्द आपल्या आतली समजूत सतत बोलून दाखवतो. समजूत बरोबर असेल तर हा गुण आहे. ती चुकीची ठरली तर विज्ञान पुढे जाते आणि शब्द मात्र जुनेच बोलत राहतो. ‘टेस्टोस्टेरॉन’, ‘इस्ट्राडायॉल’ हे अपारदर्शक, कानाला परके शब्द निदान काही चुकीचे सांगत नाहीत. अशा जागी आम्ही परका शब्द बेधडक पत्करू. भाषाशुद्धीवाल्या मित्रांनी आम्हांला वाळीत टाकले तरी चालेल.

एवढे कशासाठी, नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी काही देह पुढे ठेवतो.

१९९४ मध्ये अमेरिकेतील एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. उंची २०४ सेंटिमीटर, आणि ती अजून वाढतच होती. एरवी लांब हाडांच्या टोकांजवळची कूर्चेची पट्टी पौगंडावस्थेच्या शेवटी भरून येते आणि उंची थांबते. याची ती पट्टी उघडीच होती, हाडांचे वय पंधरा वर्षांच्या मुलाएवढे होते, आणि हाडे विरळ झाली होती. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होते. दोष होता तो इस्ट्रोजेन ग्रहण करणाऱ्या प्रथिनात. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेन ऐकूच येत नव्हते. पुढच्याच वर्षी ॲरोमॅटेजचाच जनुक बिघडलेल्या एका भाऊ-बहिणीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यातला भाऊही असाच ताडमाड. १९९७ मध्ये इटलीतून अशाच आणखी एका पुरुषाविषयी लिहिले गेले. त्याला टेस्टोस्टेरॉन भरपूर देऊन पाहिले, हाडांवर काही उपयोग झाला नाही. इस्ट्राडायॉल दिल्यावर मात्र हाडांची टोके जुळली आणि हाडे भरू लागली. तोपर्यंत पुरुषाचे हाड टेस्टोस्टेरॉन घडवते अशी सार्वत्रिक समजूत होती. ‘मर्दाचे हाड’ म्हणून आपण ज्याचा गौरव करतो त्याची घडण मोठ्या अंशी इस्ट्रोजेन करते आणि ते त्याला त्याच्याच टेस्टोस्टेरॉनपासून ॲरोमॅटेज मिळवून देते. आपले पोवाडे आणि आपली रांगडी कथा वाचताना ही गोष्ट आठवली की आम्हांला अंमळ हसू येते.

या दोष असलेल्या पुरुषांची संख्या जगात फारच थोडी आहे, हे खरे. पण एखादे यंत्र काय करते हे ते बंद पडल्यावरच कळते, तसे हे झाले.

वारेची गोष्ट याहून हलवून टाकणारी आहे. गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथींतून अँड्रोजेन-वर्गातील द्रव्ये मोठ्या प्रमाणावर स्रवतात आणि वारेत येतात. वारेतील ॲरोमॅटेज त्यांचे इस्ट्रोजेन करून टाकते. गर्भारपणात आईच्या रक्तात इस्ट्रोजेन जे भरमसाट वाढते ते बहुतांशी असे, बाळाच्या आणि वारेच्या भागीदारीतून आलेले असते. ही भागीदारी तुटली तर काय होते ते १९९१ मध्ये जपानमधून प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतातून कळले. गर्भाच्या वारेत ॲरोमॅटेजची उणीव होती. गर्भारपण पुढे सरकत गेले तशी आईच्या शरीरावर अँड्रोजेनाच्या आधिक्याची लक्षणे दिसू लागली. बाळंतपणानंतर ती ओसरू लागली. नऊ महिने आई बाळाचे रक्षण करते ही आपल्या कवितेची आवडती कल्पना. पण त्याच वारेत बाळाच्या स्रावांपासून आईचे रक्षण होत असते, याकडे कवितेचे लक्ष गेलेले आमच्या वाचनात नाही.

तिसरा देह रोजच्या पाहण्यातला आहे. पाळी अनियमित झालेली, हनुवटीवर राठ केस आलेली कॉलेजातली मुलगी. अंडाशयात पुष्कळ बीजपुटिका अर्धवट वाढून राहणाऱ्या या विकाराला आता सगळे पीसीओएस म्हणतात. तिला सांगितले जाते, “तुझ्यात पुरुषी हार्मोन वाढले आहे.” हे वाक्य उच्चारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण अठरा वर्षांच्या मुलीने ते घरी कसे न्यावे? आधीच लग्नाच्या बाजारात तिच्या हनुवटीकडे पाहणारे डोळे असतात. त्यात आता तिच्या रक्तातच पुरुष शिरल्याचे प्रमाणपत्र. वस्तुतः जे वाढलेले असते ते तिचे स्वतःचे, तिच्याच अंडाशयात नेहमी तयार होणारे, इस्ट्रोजेनाचा कच्चा माल असलेले द्रव्य. “तुझ्या शरीरात अँड्रोजेन गरजेपेक्षा जास्त तयार होते आहे” एवढेच वाक्य अचूकही आहे आणि माणुसकीचेही. आम्हांला कोणी विचारले तर संपूर्ण लेखाऐवजी या एका वाक्याची दुरुस्ती मिळाली तरी आम्ही समाधान मानू.

याच विकारात मूल हवे असणाऱ्या स्त्रियांना लेट्रोझोल हे औषध देतात. ते ॲरोमॅटेजला थोडे दिवस रोखते. इस्ट्रोजेन घटले की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी अंडाशयाला अधिक जोराने साद घालते आणि बीजपुटिका पक्व होऊ लागते. भारत सरकारने या वापरावर २०११ मध्ये बंदी घातली होती. २०१४ साली अमेरिकेतील ७५० स्त्रियांच्या एका मोठ्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, जुन्या क्लोमिफीनने १९.१ टक्के. भारतातील बंदी २०१७ मध्ये उठली.

व्यायामशाळेतील तरुणांचा प्रकार मात्र विनोदी आणि करुण दोन्ही आहे. मर्दानी छातीच्या हव्यासाने पोरे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने टोचून घेतात. शरीरातील ॲरोमॅटेज त्या आयत्या मालाचे इस्ट्रोजेन करते, आणि छातीवर स्नायूंबरोबर स्तनांची गाठही उगवते. मग ती झाकायला सैल शर्ट आणि चोरून आणलेल्या ॲरोमॅटेजरोधक गोळ्या. त्या गोळ्या फार झाल्या तर हाडांवर परिणाम. ‘पुरुषी संप्रेरक’ या शब्दावर ज्यांनी सर्वांत भाबडेपणाने विश्वास ठेवला त्यांनाच त्याने असे फसवावे!

इथवर आल्यावर आमच्या व्यवसायबंधूंना एक मोह होणार हे आम्ही जाणून आहो. अर्धनारीनटेश्वर! साहित्याच्या माणसाला स्त्री-पुरुष एकत्र दिसले की ही मूर्ती आठवलीच पाहिजे. मूर्ती देखणी आहे, परंतु इथे ती दिशाभूल करते. तिच्यात मधोमध एक रेघ आहे: उजवा भाग शिव, डावा पार्वती, जटा इकडे, कुंडल तिकडे. ॲरोमॅटेजच्या कामात अशी रेघ कोठेच नाही. एकच द्रव्य एका पेशीत एका रूपात असते, शेजारच्या पेशीत दुसऱ्या. इला-सुद्युम्नाची कथा काढून ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होते’ म्हणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्या कथा कथा म्हणून थोर आहेत; त्यांना पंधराव्या गुणसूत्राच्या पुराव्याची गरज नाही, आणि गुणसूत्रालाही त्यांची नाही.

दुसरा मोह याच्या उलट बाजूचा, आणि तो अधिक फॅशनेबल. शरीरातच सारे तरल आहे, म्हणून स्त्री-पुरुष हा भेद निव्वळ भाषेचा खेळ, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. ॲरोमॅटेज असे काही सांगत नाही. प्रमाणाला इथे फार महत्त्व आहे. प्रौढ पुरुषाच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन स्त्रीच्या कितीतरी पट असते, आणि त्याचे परिणाम आवाजात, स्नायूंत, दाढीत उघड दिसतात. आम्ही फक्त एवढेच म्हणतो की प्रमाणाचा भेद हा जातीचा भेद म्हणून सांगू नये. मीठ दोन्ही भाज्यांत असते; एकीत जास्त पडले म्हणून मिठाला त्या भाजीचे नाव देत नाहीत.

उंदरांचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. पिल्लू उंदीर नर असेल तर त्याचे टेस्टोस्टेरॉन मेंदूत जाते, तिथले ॲरोमॅटेज त्याचे इस्ट्राडायॉल करते, आणि हे इस्ट्राडायॉल त्या मेंदूला नराची घडण देते. ‘स्त्री-संप्रेरक’ मेंदूला नर बनवते! मादी पिल्लांच्या रक्तात त्या काळात एक प्रथिन असते, ते इस्ट्रोजेनाला धरून ठेवते आणि मेंदूपर्यंत पोचू देत नाही. माणसात हा मार्ग असाच चालत नाही. मानवी मेंदूच्या बाबतीत अँड्रोजेनाचे स्वतःचे कार्य अधिक महत्त्वाचे दिसते. तेव्हा उंदरावरून माणसाकडे उडी मारू नये. पण उंदरापुरते जरी पाहिले तरी नावाची पाटी उलटी पडलेली आहे. कासवांत आणखी निराळे: त्यांच्यात लिंग ठरते अंड्याभोवतीच्या वाळूच्या उष्णतेवर, उबदार वाळूत माद्या निपजतात, आणि काही जातींच्या अंड्यांना ॲरोमॅटेजरोधक दिल्यास माद्या व्हायच्या तापमानातही नर होतात. आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले कासवेही या उष्णतेच्या नियमातलीच. तिथल्या वाळूत नर कोण आणि मादी कोण हे ठरायच्या वेळी आपल्या विशेषणांना कोणी विचारीत नाही.

वर्गात आम्ही लिंग आणि लिंगभाव यांतला फरक शिकवतो. फळ्यावर दोन रकाने पाडले जातात. डावीकडे ‘जैविक’: गुणसूत्रे, इंद्रिये, संप्रेरके. उजवीकडे ‘सामाजिक’: कपडे, कामे, अपेक्षा. ही मांडणी उपयुक्त आहे आणि ती सोडावी असे आम्ही म्हणत नाही. पण विद्यार्थी डाव्या रकान्यात ‘पुरुषी संप्रेरक’ असे लिहितो तेव्हा उजव्या रकान्यातला एक शब्द चोरपावलांनी डावीकडे गेलेला असतो. रेणू जैविक आहे. ‘पुरुषी’ हे विशेषण १९१० ते १९३५ या काळातील युरोपातल्या काही प्रयोगशाळांचे आहे. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ ॲन फॉस्टो-स्टर्लिंग यांनी २००० साली या संप्रेरकांना सरळ वाढीची संप्रेरके म्हणावे असे सुचवले. ते नाव रुळले नाही, आणि आमच्या मते ते फार ढोबळही आहे. पण समीक्षेचा विद्यार्थी एखाद्या कादंबरीतील नायकाच्या हिंसेचे स्पष्टीकरण देताना दोन ओळींत ‘पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव’ असे लिहून मोकळा होतो, तेव्हा त्याने विज्ञानाचा आधार घेतलेला नसतो. त्याने एक जुने रूपक घेतलेले असते, आणि रूपक ओळखणे हे तर त्याचे शिक्षण.

राहता राहिले ॲरोमॅटेजचे मराठी नाव. बेंझीनच्या कुळातील काही पदार्थांना वास होता म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात त्या साऱ्या कुळाला सुवासिक ठरवले. तिथून कड्याला ते नाव मिळाले, कड्यावरून विकराला. त्याच्या कामात वासाचा लवलेश नाही. उद्या एखाद्या उत्साही परिभाषाकाराने ‘सुगंधविकर’ सुचवले तर आमचा विरोध आताच नोंदवून ठेवावा. ॲरोमॅटेज हेच बरे. म्हणायला जड आहे, पण आपण ‘स्टेथोस्कोप’ही पचवलाच.

कारण हे नाव आता अनेक घरांत पोचले आहे. रजोनिवृत्तीनंतर अंडाशय थांबले तरी चरबीत, आणि स्तनाच्या ऊतींतही, ॲरोमॅटेज थोडे थोडे इस्ट्रोजेन बनवत राहते. काही स्तनकर्करोग त्यावर वाढतात. हे विकरच रोखावे या विचाराने अँजेला ब्रॉडी या संशोधिकेने १९७० च्या दशकापासून चिकाटीने काम केले आणि तिच्या प्रयत्नांतून या वर्गातील पहिले खास औषध आले. २०१७ मध्ये ती वारली. ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या आज पाच-पाच वर्षे घेणाऱ्या स्त्रिया आपल्या नात्यागोत्यात, शिक्षक-खोलीत, शेजारी आहेत. त्यांपैकी एखादीने ‘स्त्री-संप्रेरक बंद करणारी गोळी’ असे वर्णन ऐकले, तर आपल्यातले बाईपणच बंद केले जात आहे असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. तिला सांगायचे वाक्य मराठीत अगदी सोपे आहे. पाळी गेल्यावरही शरीरात थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते, ही गोळी ते होऊ देत नाही, म्हणून गाठ पुन्हा येण्याची शक्यता कमी होते. सांधे दुखू शकतात आणि हाडांची तपासणी अधूनमधून करून घ्यावी लागते, हे त्याच्या पुढचे वाक्य.